‘हायब्रिड’ म्हणून विकली, आत निघाला फोमचा चुरा

आम्हाला विकलेल्या हायब्रिड, म्हणजे फोम आणि स्प्रिंगा एकत्र असलेल्या, गादीत स्प्रिंगा होत्या. हे आधीच सांगते, कारण विक्रेत्याचा सगळा बचाव तेवढ्यावरच उभा आहे. ‘फोम आहे, स्प्रिंग आहे, मग हायब्रिडच झाली ना, मॅडम?’ स्प्रिंगा होत्या, पण जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीच्या. त्यांच्याखाली निम्म्याहून जास्त गादी फोमच्या चुऱ्याची होती. तुमच्या घरी नवी गादी घ्यायचा विचार चालू असेल तर हे वाचा, म्हणूनच सविस्तर लिहितेय.

मी कुशीवर झोपते आणि माझी कंबर अधूनमधून धरते. नवरा अंगाने चांगला भारी, त्याला रात्री उकडतं. जुनी गादी मेमरी फोमची, म्हणजे अंगाच्या उबेने मऊ होऊन शरीराचा आकार घेणाऱ्या फोमची होती. ती ऊब धरून ठेवायची आणि कूस बदलायची तर त्या खोलगट भागातून अंग उचलून बाहेर काढावं लागायचं. त्यामुळे या वेळी पुन्हा फोम घ्यायचा की हायब्रिड, यावर घरी बरेच दिवस खल चालला होता. दुकानातल्या त्या माणसाने आमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. दोघांचं वजन विचारलं, कोण कुशीवर झोपतं, कोण पाठीवर, तेही विचारलं आणि म्हणाला, ‘तुम्हाला हायब्रिडच लागेल.’

सल्ला बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर आमच्यासारख्या जोडप्याला मी हेच सांगेन. भारी अंगाला नुसत्या फोमपेक्षा स्प्रिंगांचा आधार जास्त टिकतो, स्प्रिंगांमधल्या मोकळ्या जागेतून हवा खेळते, कडेवर बसलं तर गादी खाली दबून घसरल्यासारखं होत नाही. सल्ला इतका पटण्यासारखा असला की पुढचे आकडेही खरेच वाटतात. फसवणूक बसवली होती ती नेमकी इथे. फोम की हायब्रिड याचं उत्तर खरं दिलं आणि त्या उत्तराच्या नावाखाली भलताच माल गळ्यात मारला.

खऱ्या हायब्रिडच्या पोटात पॉकेट स्प्रिंगांचा थर असतो, साधारण १५ ते २० सेंटिमीटर उंच. प्रत्येक स्प्रिंग कापडाच्या वेगळ्या पिशवीत बंद असते, त्यामुळे एक दबली तरी शेजारची तिच्याबरोबर ओढली जात नाही. वर निदान ५ सेंटिमीटर मेमरी फोम किंवा लेटेक्स (रबराचा फोम) असतो. वजन स्प्रिंगा पेलतात, खांदा आणि कंबर वरचा थर सामावून घेतो. ही कामाची वाटणी जमली तरच हायब्रिडला अर्थ आहे.

दुकानात मधोमध कापलेल्या गादीचा नमुना काचेत ठेवला होता. उंच, चकचकीत स्प्रिंगा, वर दोन रंगांचे थर. त्याने बोट दाखवून सांगितलं, ‘आत हे असं असतं.’ ‘तुम्ही घेताय त्या गादीत असं असतं’ असं मात्र तो म्हणाला नव्हता, हे नंतर लक्षात आलं. नमुना दुसऱ्या, महागड्या मॉडेलचा होता. आमच्या बिलावर फक्त मॉडेलचं नाव आणि लांबी, रुंदी, जाडी. आत काय आहे याचा एक शब्दही नाही.

मग त्याने चार गोष्टी सांगितल्या. प्रत्येकीत खऱ्याचा अंश होता, म्हणून एकेक उलगडून सांगते.

पहिली, ‘हजाराहून जास्त स्प्रिंगा आहेत.’ होत्याच. पण स्प्रिंग जितकी बारीक आणि बुटकी, तितक्या जास्त संख्येने ती त्याच जागेत मावते. बारीक स्प्रिंगांचा असा पातळ थर चांगल्या गाद्यांतही मोठ्या स्प्रिंगांच्या वर आरामासाठी घालतात. आमच्या गादीत मोठ्या स्प्रिंगा नव्हत्याच, फक्त तो पातळ थर होता. संख्या विचारण्यापेक्षा स्प्रिंगची उंची विचारा आणि तारेचं गेज, म्हणजे जाडीचा आकडा, विचारा. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक, हेही ध्यानात असू द्या, कारण मोठा आकडा सांगून तो चांगला असल्याचं भासवलं जातं.

दुसरी, ‘८० डेन्सिटीचा फोम आहे.’ म्हणजे घनमीटरला ८० किलो. मेमरी फोममध्ये ८० हा फारच उत्तम आकडा आहे, ५० च्या पुढचा फोमसुद्धा बरा टिकतो. पण हा आकडा वरच्या मेमरी फोमचा नव्हताच, तो खालच्या रीबॉन्डेड थराचा होता. कारखान्यात उरलेले फोमचे तुकडे बारीक करून, चिकटवणारं रसायन घालून दाबले की रीबॉन्डेड फोम तयार होतो. दाबलेला असल्याने त्याची डेन्सिटी सहजच ८० च्या आसपास किंवा वर जाते. तो कडक असतो, स्वस्त असतो, आणि पातळ थर म्हणून तळाला घातला तर त्याला माझी हरकत नाही. पण त्याचा आकडा सगळ्या गादीचा म्हणून सांगणं हा सरळ खोटेपणा आहे.

तिसरी, ‘हे नासाचं तंत्रज्ञान आहे.’ मेमरी फोमचा जन्म १९६६ साली नासासाठी चाललेल्या कामातून झाला, विमानातल्या आसनांना धक्के सोसणारी गादी हवी म्हणून. हे खरं आहे. पण त्याने आपल्या गादीतल्या फोमबद्दल काहीच कळत नाही. उत्तम मेमरी फोमही त्याच कुळातला आणि वर्षभरात बसणारा पातळ फोमही त्याच कुळातला.

चौथी गोष्ट माझ्यासाठी होती. ‘कंबरदुखीला ऑर्थो गादीच हवी, जितकी कडक तितकी चांगली.’ गादीच्या नावात ‘ऑर्थो’ घातल्याने कुठली वैद्यकीय परीक्षा पास झाल्याचं सिद्ध होत नाही. आणि कडक म्हणजे चांगली, ही समजूत २००३ सालीच तपासून झाली आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना काही कडक तर काही मध्यम कडक गाद्या ९० दिवस देऊन अभ्यास झाला, तो ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. कुशीवर झोपणाऱ्या बाईला कडक गादी दिली की ती खांद्याला आणि खुब्याला रुतते आणि कंबर हवेत अधांतरी राहते. माझं तेच झालं.

पहिले काही आठवडे गादी छान वाटली. नव्या गादीबद्दलचे पाच ताऱ्यांचे अभिप्राय याच आठवड्यांत लिहिलेले असतात, म्हणून त्यांच्यावर माझा भरवसा नाही. हलका फोम मऊ पडायला काही महिने लागतात. आमच्या गादीला नवरा झोपतो त्या बाजूला हळूहळू खोलगा पडला. मी दोन कडांमध्ये दोरी ताणून धरली आणि मधे पट्टी उभी करून मोजलं. तीन सेंटिमीटर. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, चार सेंटिमीटरच्या आतला खड्डा ‘नैसर्गिक झीज’ समजला जाईल, आणि मोजायचं ते गादीवर कुणी नसताना. मऊ पडलेला फोम रिकामा असताना बराचसा वर येतो. माणूस झोपला की तो किती खाली जातो, ते मोजायची सोयच त्या कागदात नाही. वर्षानुवर्षांची वॉरंटी मोठ्या अक्षरांत आणि ही अट बारीक अक्षरांत. दावा फेटाळला गेला.

दावा फेटाळल्याचं लेखी आल्यावरच आम्ही गादीची तळाची शिवण उसवली. आधी उसवली असती तर तेच कारण पुढे केलं असतं. सगळं चित्रीकरण करत उसवली, प्रत्येक थराला पट्टी लावून. वरच्या कापडाखाली राखाडी मेमरी फोम, दीड सेंटिमीटर. बोटाने दाबला तर आरपार खालचा कडक भाग लागत होता. त्याखाली साधा पांढरा फोम. तो चोळला तेव्हा बोटांना पिठूळ पांढरी भुकटी लागली. फोमचं वजन वाढवायला कॅल्शियम कार्बोनेटसारखी भुकटी मिसळण्याचा प्रकार या धंद्यात जुना आहे. वजन वाढतं म्हणून कागदावरची डेन्सिटी वाढते, फोमचा जोर मात्र वाढत नाही, उलट तो लवकर ठिसूळ होतो. आमच्या फोममध्ये नेमकं काय होतं हे प्रयोगशाळाच सांगू शकेल, पण ती भुकटी मी चित्रीकरणात स्पष्ट दाखवली आहे. मग त्या बुटक्या स्प्रिंगांची चादर. आणि त्याखाली निळे, पिवळे, हिरवे, काळे तुकडे एकत्र दाबलेला जाडजूड रीबॉन्डेड थर, बोटाएवढी लांब कापडाची चिंधीही त्यात अडकलेली. ती चिंधी बघून मला फार संताप आला. आम्ही पॉकेट स्प्रिंगांचे पैसे मोजले होते.

‘ट्रायल’चीही गंमत करून टाकलेली असते. गादी पसंत पडली नाही तर परत, असं सांगतात. परत करताना ती ‘मूळ पॅकिंगसह’ हवी असते. गुंडाळी करून आलेली गादी कारखान्यात यंत्राने दाबून, हवा काढून बांधलेली असते. एकदा उघडली की घरच्या घरी ती पुन्हा तशी बांधणं माणसाच्या हातचं काम नाही. काही ठिकाणी नेण्याचा खर्च ग्राहकावर, काही ठिकाणी पैशांऐवजी त्याच दुकानातल्या दुसऱ्या मालाची चिठ्ठी. डाग पडला तर वॉरंटी बाद, पलंगाच्या पट्ट्यांमधलं अंतर जास्त असलं तरी वॉरंटी बाद. ही प्रत्येक अट पैसे देण्याआधी मोठ्याने वाचून घ्या आणि विक्रेत्याकडून ‘होय’ किंवा ‘नाही’ लेखी घ्या. गादी आल्या दिवसापासून पातळ संरक्षक खोळ चढवा, म्हणजे डागाचं निमित्त उरत नाही.

आता विचारायचं काय, ते. गादीतले थर वरून खाली एकेक करून लिहून मागा. प्रत्येक थर कशाचा, किती सेंटिमीटर जाड, फोम असेल तर डेन्सिटी किती, स्प्रिंग असेल तर कुठली, किती उंच, कुठल्या गेजची. फोम गादीलाही हेच आणि हायब्रिडलाही हेच. हाताने दाबून ‘बघा किती घट्ट आहे’ म्हणणाऱ्याला सांगा की घट्टपणा वेगळा आणि डेन्सिटी वेगळी. फोम दाबायला किती जोर लागतो तो त्याचा घट्टपणा, एका घनमीटरचं वजन किती ती डेन्सिटी. मऊ फोमही दणकट असू शकतो आणि कडक फोमही तकलादू.

नुसत्या फोमची गादी असेल तर तिचं वजन विचारून घरी हिशेब करता येतो. २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २० सेंटिमीटर जाड गादी म्हणजे ०.६ घनमीटर. सगळा फोम ४० डेन्सिटीचा आहे म्हणाले तर वजन २४ किलोच्या जवळपास भरलं पाहिजे. खोक्यावर १५ किलो छापलं असेल तर सरासरी डेन्सिटी २५ च. उलट वजन भरतंय म्हणून लगेच खूशही होऊ नका, रीबॉन्डेड थर आणि मिसळलेली भुकटी दोन्ही वजन वाढवतात. म्हणून थरांची यादी आणि वजन दोन्ही हवं. आणि शक्य असेल तर खोळीला चेन असलेली गादी बघा, म्हणजे शिवण न उसवता आत डोकावता येतं.

हे वाचून हायब्रिडच वाईट किंवा फोमच वाईट, असं कुणी समजू नये. हलक्या अंगाच्या, एकट्या किंवा जोडीदाराच्या हालचालीने पटकन जाग येणाऱ्या माणसाला चांगल्या डेन्सिटीचा मेमरी फोम हायब्रिडपेक्षाही सुखाचा होतो, कारण तो हालचाल गिळून टाकतो. पण मेमरी फोम उष्णतेने मऊ होतो आणि ऊब धरतो, ‘कूलिंग जेल’ घातलं तरी थंडावा थोडाच वेळ टिकतो. ज्यांना उकडतं, जे भारी आहेत, ज्यांना कडेवर बसून उठावं लागतं, त्यांनी स्प्रिंगांकडे वळावं. दीड सेंटिमीटर फोम आणि अडीच सेंटिमीटर स्प्रिंग यांतून दोन्हींपैकी एकही सुख मिळत नाही.

चित्रीकरण आणि ‘८० डेन्सिटी, हायब्रिड, पॉकेट स्प्रिंग’ असं लिहिलेला विक्रेत्याचा मोबाईलवरचा संदेश, दोन्ही आम्ही तक्रारीला जोडले. तोंडी बोललेलं सगळं त्याने नाकारलं, तो संदेश त्याला नाकारता आला नाही. आधी दुसऱ्या गादीवर सूट देऊ म्हणाला, मग निम्मे पैसे. आम्ही पूर्ण रकमेवर अडून आहोत आणि तक्रार ग्राहक आयोगापर्यंत नेली आहे. उसवलेली गादी पुरावा म्हणून उभी करून ठेवली आहे, निकाल लागेपर्यंत ती टाकणार नाही.