वास्को-कुळे पॅसेंजर: दूधसागर नंतर, आधी स्टेशन आणि यार्ड बघा

गोव्यात स्कूटर भाड्याने घेऊन बीचेस पालथे घालणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, एक दिवस काढा आणि वास्कोहून घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याला जाणारी साधी पॅसेंजर पकडा. रिझर्वेशन नाही, एसी नाही, जनरलचं तिकीट काढायचं, मोबाइलवर पण निघतं, आणि खिडकी धरून बसायचं. तेवढ्या पैशात गोव्यात रिक्षा गल्लीच्या बाहेर पण जात नाही. माझ्याकडून ५ पैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आधी हे की ही लाइन नक्की कोणती. गोव्यात रेल्वे म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात कोकण रेल्वे येते, मडगाव, थिवी, करमळी वगैरे. ती सगळी १९९० नंतरची, रोह्यापासून मंगळूरपर्यंत सलग गाडी धावायला १९९८ उजाडलं. पण गोव्यात गाडी त्याच्या ११० वर्षं आधी आलेली होती, आणि ती मुंबईकडून नाही आली, समुद्राकडून वर घाटात गेली. मुरगाव बंदर, वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे आणि मग घाट चढून माथ्यावरचं, कर्नाटकातलं कॅसलरॉक. मुरगाव ते सावर्डे १८८७ मध्ये सुरू झाली आणि १८८८ मध्ये वर ब्रिटिशांच्या लाइनला जोडली गेली. जेमतेम ८२ किलोमीटरची मीटरगेज लाइन (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, इथे एक मीटर), पोर्तुगिजांच्या मुलखात, बांधणारी कंपनी मात्र इंग्रजांची, तिचं नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे.

आणि ही लाइन उभी राहिली मिठाच्या पैशावर, हे मला कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. १८७८ ला ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, त्यात गोव्यातल्या मिठाचा ताबा आणि जकातीची व्यवस्था ब्रिटिशांकडे गेली, आणि त्याबदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळायचे. रेल्वे आणि बंदरात घातलेल्या पैशावर कंपनीला ठरावीक परतावा द्यायची जी हमी पोर्तुगिजांनी दिली होती तिला हा पैसा लावला. म्हणजे गोव्यातल्या मिठागरवाल्यांच्या पोटावर पाय देऊन रूळ पडले असं म्हटलं तरी चालेल. करार १८९२ मध्ये संपला, रूळ राहिले.

आता वास्को स्टेशन. गावाच्या अगदी मधोमध आहे, बाहेर पडलं की बाजार, मासळीचा वास, बससाठी पळणारी माणसं. बहुतेक जण इथे उतरतात आणि सरळ टॅक्सी शोधतात. मी म्हणतो थोडं थांबा आणि पश्चिमेकडे, बंदराच्या दिशेने बघा, कारण गाडी तुमच्यासाठी वास्कोला संपली तरी रूळ संपत नाहीत, ते पुढे मुरगाव बंदरात जातात. खरं मूळ स्टेशन ते. स्टेशन आणि बंदर एकाच योजनेत, एकाच कंपनीने बांधलं, लाटा अडवायला समुद्रात भिंत घातली आणि धक्क्यापर्यंत रूळ नेले, म्हणजे बोटीतून उतरलेला माल थेट वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, आणि घाटावरून आलेला माल थेट बोटीत. डोंगराचा कडा आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे सगळं बसवलंय, त्यामुळे यार्ड, म्हणजे गाड्या उभ्या करायची आणि जोडायची जागा, रुंद होऊच शकलं नाही, लांबच लांब होत गेलं. बंदराच्या आत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जायचा प्रयत्न पण करू नका, पण वर सड्यावर, म्हणजे बंदरावरच्या पठारावर, जाऊन खाली पाहिलं की ही रचना एका नजरेत कळते.

आमच्या मिरजेच्या लोकांना या लाइनचं विशेष प्रेम आहे आणि त्याला कारण आहे. सदर्न मराठा रेल्वेने पुणे-मिरज-लोंडा मार्ग १८९० पर्यंत पुरा केला, म्हणजे मुरगावच्या धक्क्यावरून निघालेला माणूस त्याच गेजवर पुण्यापर्यंत येऊ शकत होता, मग पुण्याला उतरायचं आणि मुंबईची मोठी गाडी पकडायची. मुंबईला नोकरीला जाणारे, बोटीवर कामाला लागणारे कितीतरी गोवेकर याच रस्त्याने गेलेत. १९७१ ला मिरजेपर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे मुंबईकडची रुंद लाइन, आलं तेव्हापासून गाडी बदलायची जागा मिरज झाली. समोरासमोर दोन गेज, एका गाडीतून बोचकी उतरवून दुसऱ्या गाडीत टाकायची, हमालांची पळापळ, गोव्याहून आलेल्या काजूच्या पिशव्या आणि इकडून जाणारी हळद, हे सगळं सांगणारी जुनी माणसं मिरजेत अजून आहेत आणि त्यांना बोलतं करा, तासभर उठू देत नाहीत. नव्वदच्या दशकात हा सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला आणि ती अदलाबदल संपली.

कंपनीला मात्र पैसा कधीच मिळाला नाही. मोठी आशा होती की धारवाड, बेळगाव, बळ्ळारीकडचा कापूस आणि धान्य मुंबईला न जाता मुरगावला येईल, पण तेवढा माल वळला नाही आणि १९०२ मध्ये गाड्या चालवण्याचं काम सदर्न मराठाकडेच गेलं. तेव्हापासून या लाइनचा कारभार घाटावरून चालतो. कंपन्यांची नावं बदलली, स्वातंत्र्यानंतर दक्षिण रेल्वे आली, मग दक्षिण मध्य, आणि २००३ पासून हुबळीची दक्षिण पश्चिम रेल्वे. म्हणून मडगावच्या स्टेशनात उभं राहिलं की दोन वेगळ्या घरच्या गाड्या दिसतात, एक कोकण रेल्वेच्या मार्गाची आणि एक ही हुबळीवाली.

गाडीत बसल्यावर पहिला भाग दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, सुरावली. शेतं, माड, चर्चचे पांढरे मनोरे. कॉलेजची पोरं, कोळणी, पगारावर जाणारी माणसं, डब्यात कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी सगळं एकदम चालू असतं. मडगावला निम्मा डबा रिकामा होतो आणि पुढे शांतता. मग चांदर. इथल्या फाटकाजवळ नोव्हेंबर २०२० मध्ये गावकरी रात्री रुळांवर बसले होते, लाइन दुहेरी करण्याच्या कामाला विरोध म्हणून, कारण दुहेरी लाइन म्हणजे बंदरातून वर जाणारा कोळसा वाढणार ही त्यांची भीती. वास्कोतल्या लोकांचा कोळशाच्या धुळीबद्दलचा राग त्याहून जुना. पुढे मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने कुळे ते घाटावरच्या तिनईघाट स्टेशनपर्यंतच्या दुहेरीकरणाला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. मला गाड्या जीव की प्राण आहेत तरी या बाबतीत मी गावकऱ्यांच्या बाजूचा आहे. ज्याच्या ओटीवर काळी पूड बसते त्याला विचारल्याशिवाय तिथे दुसरा रूळ टाकू नये.

सावर्डे-कुडचडे हा खाणींचा पट्टा. सांग्याकडच्या खाणींतलं लोहखनिज ट्रकने नदीवर यायचं आणि बार्जमधून मुरगावला, म्हणजे गोव्याची माती मुख्यतः पाण्याने गेली आणि होस्पेट-बळ्ळारीकडची माती रेल्वेने आली, दोन्ही भेटायच्या बंदरात. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मधे सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद, आणि त्याचा परिणाम कुडचड्याच्या बाजारातल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो सांगेल.

आणि मग कुळे. माझ्यासाठी हीच खरी जागा. सगळे टुरिस्ट इथे उतरून दूधसागरच्या जीपकडे धावतात, त्यांचं चूक नाही, ३१० मीटरचा धबधबा आहे, पण स्टेशनवर अर्धा तास थांबा हो. कुळ्यापर्यंत सपाटी, कुळ्याच्या पुढे ब्रगांझा घाट, दर ३७ ते ४० मीटरला १ मीटर चढ, कॅसलरॉकपर्यंत साधारण २६ किलोमीटर. एवढा चढ एका इंजिनाच्या बापाला जमत नाही, म्हणून कुळ्याचं यार्ड आहे. वर जाणारी लांब मालगाडी इथे येऊन थांबते, मग मागून दोन-तीन इंजिनं एकत्र जोडलेली हळूहळू सरकत येतात, शेवटच्या वाघिणीपासून काही फुटांवर थांबतात, रुळाशेजारी उभा असलेला माणूस हात दाखवतो, परत इंच इंच पुढे, आणि मग कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, एकमेकांत अडकल्याचा तो ठण्ण आवाज. तो आवाज पूर्ण गाडीतून पुढे पुढे पळत जातो, वाघीण-वाघीण करत, ऐकू येतं अगदी. मग होजपाइप जोडायचे, ब्रेकमध्ये हवा भरेपर्यंत थांबायचं, तपासायचं, पुढचं इंजिन शिट्टी देतं, मागचं उत्तर देतं, आणि पुढून ओढ मागून ढकल अशी ती गाडी हलते. यांना बँकर म्हणतात. घाट सुरू झाला तेव्हा वाफेची इंजिनं होती, मग डिझेल आलं, कितीतरी बदललं, पण कुळ्यात थांबायचं आणि मागून जोर लावून घ्यायचा हे १८८८ पासून सुटलेलं नाही.

याच कुळ्यात पोर्तुगिजांची कस्टम चौकी होती आणि वर कॅसलरॉकला इंग्रजांची, नंतर आपली. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी एकदा सामान उघडायचं आणि माथ्यावर परत एकदा. १५ ऑगस्ट १९५५ ला जे सत्याग्रही गोव्यात शिरले त्यातले काही कॅसलरॉकच्या बाजूने आले, महाराष्ट्रातले कितीतरी होते त्या सत्याग्रहात, आणि पोर्तुगिजांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या घातल्या. त्याच वर्षी घाटावरची वाहतूक बंद पडली ती डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त होईपर्यंत. सहा वर्षं एका जिवंत लाइनचं वरचं टोक बंद, हा विचार कुळ्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून केला की वेगळंच वाटतं.

मुरगाव बंदराच्याही अशा गोष्टी आहेत. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ म्हणून जर्मन जहाजं इथे आसऱ्याला थांबली होती, त्यातलं एरेनफेल्स मार्च १९४३ मध्ये इंग्रजांच्या गुप्त मोहिमेत बुडालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात दोन मोठी जहाजं, ग्रिप्सहोम आणि तेइया मारू, मुरगावला लागली आणि अमेरिका-जपान यांनी आपापल्या अडकलेल्या नागरिकांची इथे अदलाबदल केली. जगाच्या दोन टोकांची माणसं आपल्या शेजारच्या बंदरात! शाळेत आम्हाला यातलं एक अक्षर शिकवलं नाही.

म्हणूनच अर्धा गुण कापला. गाडी चांगली आहे, पण मुरगावच्या मूळ स्टेशनापर्यंत प्रवाशाला जाता येत नाही, प्रवास वास्कोला सुरू होतो आणि सगळ्यात जुना तुकडा सुटतो. महिन्यातून एक रविवार जरी वास्को-मुरगाव अशी छोटी फेरी ठेवली, बरोबर माहिती सांगणारा एखादा निवृत्त रेल्वेवाला दिला, तर मी मिरजेहून परत येईन आणि घरच्यांना घेऊन येईन.

जाणाऱ्यांसाठी कामाचं. गाड्या मोजक्या आहेत, वेळा बदलत असतात, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करा आणि कुळ्याहून परतीची गाडी आधी ठरवा मगच जा, नाहीतर मोलेपर्यंत जाऊन बस शोधत बसावं लागेल. पावसाळ्यात घाट सगळ्यात सुंदर पण जीप बंद असतात, जीप साधारण ऑक्टोबरपासून. पावसाळ्यात रुळांवरून चालत धबधब्याला जायचा नाद अजिबात करू नका, जुलै २०२३ मध्ये असे गेलेले ट्रेकर रेल्वे पोलिसांनी पकडून उठाबशा काढायला लावले होते, आणि बोगद्यात समोरून गाडी आली तर उठाबशा काढायला पण उरणार नाही. घाट बघायचाच असेल तर लोंड्याकडे जाणाऱ्या एक्स्प्रेसचं तिकीट काढा, दिवसाची गाडी घ्या. खाण्याचं म्हणाल तर सकाळी वास्कोत पाव-भाजी आणि मिरची भजी खाऊनच चढा, एका ठिकाणी स्टेशनबाहेर चहा अगदीच पाणचट मिळाला, त्यामुळे जिथे रिक्षावाले उभे राहून पितात तिथेच प्या. पाण्याची बाटली बरोबर ठेवा, आणि कुळ्यात यार्ड बघायचं ते प्लॅटफॉर्मवरूनच, रूळ ओलांडायचे नाहीत.