बॅबिलॉन घेऊन बचाव: सिव्हिलायझेशन ५ मधला काही महिन्यांचा अनुभव

सिव्हिलायझेशन ५ हा आळीपाळीने टर्न खेळत आपली संस्कृती वाढवायचा कॉम्प्युटर गेम. तो खेळणाऱ्या कोणालाही विचारा, बॅबिलॉन म्हटलं की पहिला शब्द ‘सायन्स’ येणार. ते बरोबरच आहे. पण गेले काही महिने मी बॅबिलॉनचा नेता नेबुकॅडनेझर घेऊन मुद्दाम बचावाचाच खेळ खेळतोय. नियम साधा: शेजाऱ्याचं शहर घ्यायचं नाही, आपलं द्यायचं नाही, आणि शेवटी अंतराळयान सोडून जिंकायचं. गॉड्स अँड किंग्ज आणि ब्रेव्ह न्यू वर्ल्ड ही दोन्ही एक्सपान्शन्स (गेमचे वाढीव भाग) लावलेली, स्टँडर्ड स्पीड, आणि नकाशा बहुतेक वेळा पँजिया, म्हणजे सगळी जमीन सलग. बेटांच्या नकाशावर शेजारी सहसा दारात येतच नाही, मग बचाव कसला करणार? अवघडपणाची लेव्हल आधी एम्परर, हात बसल्यावर इमॉर्टल.

निकाल आधीच सांगून टाकतो. बचावासाठी ही सिव्ह (गेममधली संस्कृती) उत्तम आहे, पण तिच्या नावाच्या भिंतीमुळे नव्हे. भिंत फक्त वेळ मिळवून देते. त्या वेळेत तुम्ही शेजाऱ्याच्या एक पिढी पुढची शस्त्रं काढली नाहीत, तर भिंत असून नसल्यासारखीच.

आता आकडे. साधी वॉल्स, म्हणजे भिंत, शहराला ५ संरक्षण आणि ५० हिट पॉइंट (मार सोसायची ताकद) देते. बॅबिलॉनची खास वॉल्स ऑफ बॅबिलॉन ६ आणि १०० देते, आणि खर्च ७५ ऐवजी ६५ प्रॉडक्शन. संरक्षणातला एकाचा फरक जाणवतही नाही. जाणवतात ते जादाचे ५० पॉइंट. शहराचे मुळातले २००, भिंतीनंतर ३००. शहर दर टर्नला थोडं भरून येत असतं, त्यामुळे सुरुवातीच्या काळात हे ५० पॉइंट म्हणजे वेढ्यात आणखी एक-दोन टर्न तग. तेवढ्यात समोरचे दोन-तीन युनिट हमखास मरतात.

बोमन, म्हणजे आर्चरऐवजी मिळणारा बॅबिलॉनचा खास धनुर्धर, मला भिंतीपेक्षा जास्त आवडतो. साध्या आर्चरची लांबून मारायची ताकद ७ आणि अंगची ५. बोमनची ९ आणि ७. वॉरियरची ताकद ८ असते हे लक्षात घेतलं की ७ चं मोल कळतं. आर्चरच्या अंगावर वॉरियर आला की आर्चर मोडतो. बोमन मार खातो, पण उभा राहतो आणि पुढच्या टर्नला त्यालाच टिपतो. आर्चरच्या पुढच्या टप्प्यातल्या कंपोझिट बोमनची अंगची ताकदसुद्धा ७ च आहे. म्हणजे बॅबिलॉनला ती चिवटाई एक टप्पा आधीच मिळते, तीही आर्चरीसारख्या पहिल्या-दुसऱ्या टेकवर (टेक म्हणजे संशोधून मिळवायचं तंत्रज्ञान). जंगली टोळ्यांचे कॅम्प उडवायलाही दोन बोमन पुरतात.

खरी मेख मात्र रायटिंगमध्ये आहे. रायटिंग संशोधून झालं की फुकट ग्रेट सायंटिस्ट मिळतो, आणि पुढचे ५० टक्के जास्त वेगाने येतात. पॉटरी, लगेच रायटिंग, आणि त्या सायंटिस्टकडून बांधून घेतलेली अकॅडमी (दर टर्नला सायन्स देणारं बांधकाम), याला दुसरा पर्यायच नाही. त्या वेळी राजधानीत तीनेक लोकसंख्या असते. पॅलेसचे ३ आणि डोई १ धरून सगळं मिळून ६ सायन्स. अकॅडमी एकटी ८ देते. दुपटीहून जास्त, तेही शेजारी अजून भाले घासत असताना.

अकॅडमी कुठे बांधायची हा प्रश्न गाईडमध्ये पीक-पाण्याच्या अंगाने चर्चिला जातो: नदीकाठची चांगली शेतजमीन वाया घालवू नका, वगैरे. ते खरंच. पण बचावाच्या दृष्टीने पाहिलं तर तिला शेजाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं, शक्य तर शहराच्या पाठीशी, समुद्र किंवा डोंगर मागे घेऊन. एआयला, म्हणजे कॉम्प्युटर खेळवत असलेल्या शेजाऱ्याला, शहर घेता आलं नाही की तो आजूबाजूचं लुटत सुटतो. शेत लुटलं तर थोड्या टर्नमध्ये वर्कर नीट करतो. पण ऐन वेढ्यात अकॅडमी बंद पडली की सगळं गणितच मागे जातं. माणसांबरोबर मल्टिप्लेअर खेळताना तर हे हमखास होतं. समोरचा भिंतीला हात लावत नाही, दोन घोडेस्वार पाठवून अकॅडमी लुटतो आणि पसार होतो.

सगळ्यात रंगलेले डाव असीरियाचा नेता अशुरबानिपाल शेजारी आला तेव्हाचे. असीरियाने शहर घेतलं की त्याला त्या शहराच्या मालकाकडचं एक टेक फुकट मिळतं. बॅबिलॉन कायम टेकमध्ये पुढे, म्हणजे त्याच्यासाठी ही उघडी तिजोरीच. त्यात त्याचा सीज टॉवर जवळच्या फौजेला शहरावर हल्ला करताना बळ देतो. इतिहासातही या दोघांचं जुनं वैर आहे. असीरियाच्या सेनाखेरिबने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलॉन उद्ध्वस्त केलं, आणि इ.स.पू. ६१२ मध्ये नेबुकॅडनेझरच्या बापाने, नबोपोलासरने, मीड लोकांना सोबत घेऊन निनेवे पाडलं. गेममध्ये हे दोघं शेजारी आले की मला उगाच स्फुरण चढतं.

असा एक वेढा जरा तपशिलात सांगतो, कारण बॅबिलॉनची सगळी यंत्रणा त्यात दिसते. माझं दुसरं शहर सीमेवर, समोर नदी, नदीपलीकडे दाट झाडी. असीरियाची माणसं सीमेवर गोळा व्हायला लागली तसं मी भिंतीसाठी लागणारं मॅसनरी हे टेक काढलं. मायनिंग त्याच्या वाटेवरच येतं, आणि मायनिंग आलं की झाडं तोडता येतात. वर्करला लावून शहराच्या अंगची झाडी तोडली. यात तीन कामं एका फटक्यात झाली: तोडीचं प्रॉडक्शन सरळ भिंतीत गेलं, शत्रूचा झाडीतला आडोसा गेला, आणि बोमनला नजर मोकळी मिळाली. मधे जंगल असेल तर बोमनला पलीकडचा दिसत नाही, त्यामुळे हे काम लढाईआधी उरकायलाच हवं.

एक बोमन शहरात, एक शहरामागे, आणि एक स्पिअरमन बाजूच्या टेकडीवर. ट्रॅडिशन या धोरणांच्या गटातली ऑलिगार्की आधीच घेतलेली. तिच्यामुळे शहरातल्या शिबंदीचा खर्च लागत नाही आणि शिबंदी असलेल्या शहराचा मारा ५० टक्के वाढतो. मग ते आले. नदी ओलांडली की युनिटची चाल तिथेच संपते, आणि नदीपलीकडून केलेला हल्ला कमजोर पडतो. एका चौकटीत एकच युनिट हा नियम असल्याने मागची रांग झाडीत अडकून पडली. पुढे दोन स्पिअरमन, त्यांच्यामागे टॉवर, आणि धनुर्धर सगळ्यात मागे, जिथून शहरापर्यंत बाण पोचतच नव्हते!

इथे मारायचं कोणाला हे ठरलेलं असावं. आधी टॉवर, मग जवळून लढणारे. धनुर्धरांनी शहराचे पॉइंट शून्यावर आणले तरी आत शिरायला जवळून लढणारं युनिटच लागतं. ते संपवलं की मागे कितीही फौज असो, शहर पडत नाही. मी टॉवर उडवला, एक स्पिअरमन उडवला, तरी शहर पार खाली आलं होतं. साधी भिंत असती तर त्याच टर्नला गेलं असतं. पुढच्या टर्नला उरलेला स्पिअरमन शहर आणि बोमन मिळून संपवला आणि वेढा तिथेच विझला. थोड्या टर्ननी अशुरबानिपालनेच तहाचा निरोप पाठवला, वर सोनंही देऊ केलं. अशा वेळी आढेवेढे न घेता घ्यावं.

हूणांच्या अटिलाशी गाठ पडली तर मात्र हे सगळं जरा बदलतं. त्याचे बॅटरिंग रॅम इतक्या लवकर येतात की भिंत तयार व्हायची असते. रॅम शहराखेरीज कशावरच हल्ला करू शकत नाही, म्हणून त्यांच्यावर बाण वाया घालवण्यापेक्षा स्पिअरमन किंवा वॉरियर बाहेर काढून अंगावर घालावा. हूण शेजारी दिसले तर रायटिंगनंतर ग्रेट लायब्ररी या वंडरचा (जगात एकालाच बांधता येणाऱ्या वास्तूचा) मोह सोडायचा. इमॉर्टलवर ती तशीही कोणीतरी आधी बांधून मोकळा होतो.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी अशी की बचाव चांगला जमला की लढाईच होत नाही. एआय तुमचं लष्करी बळ बघून युद्धाचा विचार करतो. चार बोमन आणि सीमेवर भिंती दिसल्या की तो दुसऱ्या शेजाऱ्याकडे वळतो. कित्येक डावांत माझ्या भिंतींना शेवटपर्यंत कोणी बोट लावलं नाही. जिंकतो आपण, पण बचावाचा खेळ म्हणून हाती काय लागलं? म्हणून मी झुलूंचा शाका आणि अशुरबानिपाल या दोघांना मुद्दाम डावात घालतो. शाका त्याची खास इम्पी फौज घेऊन येतोच येतो, त्याला कारण लागत नाही.

दुसरी तक्रार भिंतीच्या आयुष्याची. शहराचा मारा दोन चौकटींपर्यंत. डायनामाइटनंतर येणारी आर्टिलरी तीन चौकटींवरून मारते. ती आली की भिंत, कॅसल सगळं शोभेचं. ग्रेट वॉल वंडरही डायनामाइटनेच निकालात निघतं. त्याआधी समुद्राकडून फ्रिगेट येतात, त्यांचं दुखणं वेगळंच. किनाऱ्यावरचं शहर जमिनीकडून कितीही भक्कम असलं तरी चार-पाच फ्रिगेट त्याला झोपवतात. बॅबिलॉनला समुद्रावर खास असं काहीच नाही, त्यामुळे मी राजधानी सोडून बाकी शहरं शक्यतो आत वसवतो.

यावर उतारा एकच, टेकमध्ये पुढे राहणं, आणि तिथे बॅबिलॉनला तोड नाही. तीन-चार शहरं पुरे. ब्रेव्ह न्यू वर्ल्डमध्ये स्टँडर्ड नकाशावर दर शहरामागे टेकची किंमत ५ टक्के वाढते, त्यामुळे शहरं कमी ठेवण्यात सायन्सचाही फायदा आणि राखायची सीमाही लहान. सगळीकडे लायब्ररी, मग नॅशनल कॉलेज, एज्युकेशन येताच युनिव्हर्सिटी आणि तिच्या तज्ज्ञांच्या जागांवर माणसं. डोंगराशेजारी शहर असेल तर ऑब्झर्व्हेटरी, ती त्या शहराचं सायन्स ५० टक्क्यांनी वाढवते, आणि डोंगर एक बाजूही बंद करतो. हँगिंग गार्डन्स जमल्या तर सोडू नयेत. अन्न मिळतंच, शिवाय फुकटची गार्डन ग्रेट लोकांचा वेग वाढवते. एक सावधगिरी: सायंटिस्ट, इंजिनिअर आणि मर्चंट यांचा मोजणीचा काटा एकच आहे. एक मर्चंट निघाला की पुढचा सायंटिस्ट महागतो. म्हणून मार्केटच्या जागांवर मी माणूस बसवतच नाही.

हे सगळं जमलं तर आर्टिलरी आधी आपल्याकडे येते, आणि मग समोरचा मस्केट घेऊन आला तरी आपण घरात बसून त्याला झोडपतो.

इतर सिव्हशी तुलना करायची तर कोरिया सायन्समध्ये तोडीस तोड, पुढच्या काळात कदाचित सरस, पण सुरुवातीच्या पन्नास-साठ टर्न तो उघडा पडतो. इथिओपिया निव्वळ बचावात बॅबिलॉनहून भारी. जास्त शहरं असलेल्याशी लढताना २० टक्के बळ, आणि ते शेवटपर्यंत टिकतं. भारत घेतला तर नेता गांधी आणि खास इमारत मुघल फोर्ट. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर वाढलेल्या माणसाला हे खटकणारच. टेकडीवर वसवलेल्या शहराला संरक्षण जास्त मिळतं, तेवढ्यावर गिरिदुर्गाची हौस भागवून घ्यायची. बॅबिलॉन म्हणजे मात्र अस्सल भुईकोट.

आणि त्या भुईकोटाचं पुढे काय झालं तेही गमतीशीर आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये ओपिसला लढाई झाली, पण त्यानंतर पर्शियाचा राजा कुरुश (सायरस) याच्या फौजा खुद्द बॅबिलॉनमध्ये लढाईविना शिरल्या अशी तिथल्याच मातीच्या पाटीवर नोंद आहे. एवढी दांडगी तटबंदी, आणि ऐन वेळी तिच्यावर लढायची वेळच आली नाही. गेममध्ये पर्शियाचा नेता कुरुश नाही, दारयावुश आहे. त्याच्या गोल्डन एजमध्ये (भरभराटीच्या काळात) त्याची फौज एक चौकट जास्त चालते आणि १० टक्के जोरात लढते. तो शेजारी असेल तर गोल्डन एज कधी सुरू होतो यावर डोळा ठेवा आणि तेवढे टर्न सीमेवरचे बोमन हलवू नका.

घ्यायचा का? बॅबिलॉन मूळ गेममध्ये येत नाही, तो वेगळा डीएलसी (स्वतंत्र विकत घ्यायचा भाग) आहे. त्यामुळे सगळं एकत्र असलेली कम्प्लीट एडिशन सेलमध्ये येईपर्यंत थांबा, एकेक तुकडा घेत बसू नका. नवीन खेळाडूने याच सिव्हपासून सुरुवात करावी. चुका पोटात घालते. ज्याला धावपळ आणि चढाई आवडते त्याला कंटाळा येईल, त्याने मंगोल घ्यावा. जुन्या लॅपटॉपवर दोनशे टर्ननंतर प्रत्येक टर्नला चहा होऊन येतो. तेव्हा क्विक कॉम्बॅट (लढाईची दृश्यं न दाखवणारा पर्याय) चालू करा आणि एफ१० दाबून स्ट्रॅटेजिक व्ह्यूमध्ये, म्हणजे साध्या सपाट नकाशावर, खेळा. दिसायला रुक्ष आहे, पण वेढ्यात कोण कुठे उभं आहे ते तिथेच नीट दिसतं.