अलादीन: ढगाळ दिवसांत आकाश बघायचं फुकट सॉफ्टवेअर

गोव्यात मिरग लागला की चवथीपर्यंत दुर्बीण कपाटात. वाळपईला आमच्या अंगणातून थंडीत कृत्तिका काय सुंदर दिसतात, पण पावसात नुसतं काळं आभाळ, म्हणून गेले दोन पावसाळे मी अलादीन वापरतोय आणि आता त्याबद्दल लिहायलाच पाहिजे असं वाटलं.

फ्रान्सात स्ट्रासबर्गला १९७२ पासून खगोलशास्त्राचं डेटा केंद्र आहे, सीडीएस, त्यांचं हे काम. पैसे लागत नाहीत. अलादीन लाइट ब्राउझरमध्येच उघडतं, पूर्ण अलादीन कॉम्प्युटरवर टाकायचं तर जावा लागतं.

खरी गंमत लेअरमध्ये. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या जुन्या काचेच्या फोटो-प्लेटांचे स्कॅन, त्यावर टूमास (2MASS) या आकाश-सर्व्हेचं इन्फ्रारेड, त्यावर आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलेला १५० मेगाहर्ट्झचा रेडिओ सर्व्हे, सगळं एकावर एक बरोब्बर बसतं. वेगळे देश, वेगळी दशकं, तरी बसतं, कारण या लोकांनी फाइल कशी लिहायची, तक्ता कसा द्यायचा हे एकत्र बसून ठरवलंय. २००२ पासून त्यासाठी आयव्हीओए ही आंतरराष्ट्रीय संघटना आहे, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतली व्हीओ-इंडियासुद्धा त्यात आहे.

माझा भाचा बारावीला आहे. त्याने कृत्तिकांभोवतीचे गाया (Gaia) या युरोपच्या अवकाश दुर्बिणीने मोजलेले तारे मागवले (जून २०२२ च्या तिसऱ्या रिलीजमध्ये जवळपास १८० कोटी आहेत!) आणि एका क्लिकवर तो तक्ता टॉपकॅटमध्ये पाठवला, जे इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला बनलेलं दुसरंच सॉफ्टवेअर. तारे आकाशात कुठल्या दिशेला किती सरकतात त्याचा ग्राफ काढला तर शून्याजवळ मोठी गर्दी, आणि बाजूला साधारण +२०, −४५ मिलिआर्कसेकंद (कोनाचं अगदी बारीक माप) वर्षाला, तिथे एक वेगळाच पुंजका, म्हणजे एकत्र सरकणारे कृत्तिकांचे तारे. तेवढा निवडून परत अलादीनमध्ये टाकला आणि फोटोत नेमके तेच तारे उठून दिसले. "मामा, हे घरचे, बाकीचे वाटेवरचे," म्हणाला. मी तर बघतच राहिलो.

आता फिट्सबद्दल, म्हणजे आकाशाचे फोटो आणि तक्ते ठेवायच्या फाइल फॉरमॅटबद्दल, बोलतोच. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याबरोबर आलेलं सॉफ्टवेअर, कंपनीचं नाव घेत नाही, फोटो स्वतःच्याच फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं, ते बंद पडलं आणि दोन हिवाळ्यांचे फोटो आज कशातच उघडत नाहीत, फार वाईट वाटतं. आणि इकडे १९८१ चा फिट्स फॉरमॅट अजून सगळीकडे चालतो, कारण त्याचे नियम कुणा एका कंपनीच्या कुलपात नाहीत.

कमी काय? मराठीत नाही, मेनू भरपूर आहेत, आणि नेट लागतंच, आमच्याकडे वीज गेली की खेळ खलास. नवीन माणसाने लाइटपासूनच सुरू करावं, शोधायच्या जागी एम ४५ (M45, म्हणजे कृत्तिकाच) टाकावं आणि नुसतं झूम करत जावं.

दिवाळीत आकाश मोकळं झालं की अंगणातून कृत्तिकांचा फोटो काढणार, या वेळी फिट्समध्येच, आणि भाच्याने निवडलेले तारे त्यावर टाकून बघणार माझ्या दुर्बिणीला त्यातले किती दिसले ते.