हतनूरच्या पाण्यात दोन फ्रिक्वेन्सीचा फिश फाइंडर: घ्यावा का?

मासेमारीसाठी उत्तम, पण सूक्ष्म जीव मोजायला अपुरा. 50 आणि 200 किलोहर्ट्झवर चालणारा हा साधा फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात ध्वनिलहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी पडद्यावर दाखवणारं यंत्र, तापीच्या जलाशयांत, म्हणजे हतनूर आणि उकाईच्या नंदुरबारकडच्या फुगवट्यात, छान उपयोगी पडतो. 200 किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी गोड्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिमीटर. एक-दोन मिलिमीटरचे प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) तिला जेमतेम परत फेकतात. माशाचा प्रतिध्वनी मात्र ठळक येतो, कारण त्याच्या पोटात हवेची पिशवी असते. समुद्रात क्रिल (कोळंबीसारखे छोटे प्राणी) मोजताना 38, 120 आणि 200 किलोहर्ट्झ एकत्र वापरतात आणि दोन फ्रिक्वेन्सींवरच्या प्रतिध्वनींतल्या फरकावरून प्राणी ओळखतात. त्या यंत्रांचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक आहे का याची जुळणी) 38.1 मिलिमीटरच्या टंगस्टन कार्बाइडच्या गोळीने होतं. इथे ती सोय नाही, कच्चा डेटाही मिळत नाही.

ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि टिपणारा भाग) होडीच्या कडेला दांड्यावर, पृष्ठभागाखाली 30 सेंटिमीटर, इंजिनपासून लांब बसवा. बुडबुडे लागले की पडदा नुसता गोंधळतो. सेटिंग 'फ्रेश वॉटर'वरच हवं, नाहीतर खोली दोन-तीन टक्के जास्त दिसते. ध्वनीचा शंकू 20 अंशांचा असेल तर 10 मीटर खाली फक्त साडेतीन मीटर व्यासाचा तुकडा दिसतो, म्हणून होडी सावकाश चालवा. पडद्यावर गाळातून वर चढणाऱ्या तिरप्या रेषा म्हणजे वायूचे बुडबुडे. त्यांना मासे समजून जाळं टाकू नका. उथळ जागी तळाचा दुसरा प्रतिध्वनीही फसवतो, तेव्हा गेन (यंत्राची संवेदनशीलता) कमी करा. दिवसा थवे एका डागासारखे दिसतात, रात्री विखुरतात. मोजणी रात्रीच करावी.