ट्रायथलॉनची सायकल: समोर एक चेनरिंग की दोन?

मराठवाड्यात राहून ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग शर्यतीची, तयारी करणाऱ्याला एकाच सायकलवर दोन तऱ्हेचे रस्ते काढावे लागतात. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाऊन परतले की शंभर किलोमीटरच्या आसपास मजल होते आणि वाटेत चढ म्हणावा असा फारसा लागत नाही. दौलताबादचा घाट चढून खुलताबादमार्गे म्हैसमाळ गाठायचे म्हटले, तर मात्र हजार मीटरहून अधिक उंचीवर पोहोचावे लागते. समोर एक चेनरिंग (पेडलपाशी चेन ओढणारे दातेरी चक्र) असावी की दोन, हे ठरवताना हे दोन्ही रस्ते डोळ्यांसमोर ठेवावेत.

वजनाचा मुद्दा आधीच निकालात काढलेला बरा. फ्रंट डिरेल्युअर (चेनला एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग), आतली चेनरिंग, डावा शिफ्टर (गिअर बदलण्याची खुंटी) आणि त्याची केबल काढली की पाव किलोच्या आसपास वजन वाचते आणि हवेचा अडथळाही किंचित घटतो, पण अंगावरची जर्सी सैल असेल तर ही सगळी बचत तिथेच वाया जाते.

खरा फरक गिअरच्या पायऱ्यांमध्ये आहे. समोर ५० दातांची एकच चेनरिंग आणि मागच्या चाकावर ११-३४ ची, म्हणजे ११ ते ३४ दातांच्या अकरा चक्रांची, कॅसेट अशी जोडणी घेतली, तर त्या कॅसेटमध्ये १५ नंतर थेट १७ दातांचे चक्र येते. ताशी ३५ किलोमीटरचा वेग राखायचा असेल, तर १५ वर मिनिटाला पेडलचे ८३ फेरे मारावे लागतात आणि १७ वर ९४, म्हणजे ज्याचे पाय ८८-९० फेऱ्यांना सरावलेले आहेत त्याला मधला गिअरच मिळत नाही. दुहेरीत, म्हणजे समोर ५२ आणि ३६ दातांच्या दोन चेनरिंग असताना, मागे ११-२५ ची कॅसेट लावता येते. तिच्यात १६ चे चक्र असल्याने त्याच वेगाला ८५ किंवा ९१ फेरे असा जवळचा पर्याय राहतो. मोकळ्या माळावर वारा समोरून लागला आणि एरो बारवर (कोपरे टेकून पुढे वाकायच्या दांड्यांवर) तासन्‌तास एकाच बैठकीत राहायचे असले की हा फरक मांड्यांना जाणवतो, आणि अर्ध-आयर्नमॅन अंतराच्या शर्यतीत त्यानंतर २१ किलोमीटर धावायचे असते हे विसरून चालत नाही.

गंमत अशी की, इतक्या दाट कॅसेटवरही दुहेरीचा सर्वांत हलका गिअर, म्हणजे ३६ ला २५, हा एकेरीच्या ५० ला ३४ पेक्षा किंचित हलकाच भरतो. त्याच दुहेरीला ११-३२ लावली, तर मिनिटाला ७० फेऱ्यांवर ताशी १० किलोमीटरने चढता येते. एकेरीत तेवढ्याच फेऱ्यांना १३ चा वेग राखावा लागतो. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर आठ टक्के चढावर पहिल्यासाठी साधारण १९० वॅट लागतात आणि दुसऱ्यासाठी २५०. हौशी स्पर्धकाला २५० वॅट फार वेळ पेलत नाहीत.

एकेरीची बाजू लंगडी आहे असे मात्र नाही. केबलवर चालणाऱ्या ट्रायथलॉन सायकलीत पुढचा गिअर बदलण्याची खुंटी डाव्या एरो बारच्या टोकाला असते, त्यामुळे घाटात बेस बार (बाहेरचा मुख्य हँडल) धरून चढणाऱ्याला ऐन चढावर हात काढून पुढे न्यावा लागतो. एकेरीत ही कसरत संपते. इलेक्ट्रॉनिक प्रणालीत दोन्ही ठिकाणी बटणे बसवता येत असल्याने तिथे हा फायदा उरत नाही. उन्हाळ्यात काळ्या मातीची धूळ चेनला चिकटते, तेव्हा कमी सुटे भाग साफ करणे सोपे जाते, हेही खरे.

चेन उतरण्याबद्दल विक्रेते जरा जास्तच खात्री देतात. एकेरी चेनरिंगचे आलटून-पालटून जाड आणि बारीक दात चेन घट्ट धरतात, पण दात झिजले की पकड सैल होते. इटलीतल्या जिरो दि'तालिया या सायकल शर्यतीत २०२३ साली माँते लुसारी डोंगरावरील टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्याने घड्याळाविरुद्ध चालवायच्या टप्प्यात) प्रिमोझ रॉग्लिच या स्वाराने एकेरी चेनरिंगच वापरली होती आणि चढावर त्याची चेन उतरली. तो टप्पा आणि ती स्पर्धा त्यानेच जिंकली ही गोष्ट वेगळी.

ज्याच्याकडे एकच सायकल आहे आणि जो आज पैठण रस्त्यावर, उद्या म्हैसमाळला, तर कधी गोव्याच्या अर्ध-आयर्नमॅनमधल्या ९० किलोमीटरवर ती चालवणार आहे, त्याने माझ्या मते दुहेरीच घ्यावी. घाटासाठी वेगळी रोड बाइक घरात असेल, ठरवलेली शर्यत सपाट असेल आणि आपले पाय किती फेऱ्यांवर सुखाने चालतात हे नेमके ठाऊक असेल, तर एकेरी खुशाल घ्यावी; मात्र तिच्यामागे ११-३४ ऐवजी ११-२५ सारखी १६ चे चक्र असलेली कॅसेट लावावी, नाहीतर पायऱ्यांची तीच अडचण पुन्हा उभी राहते.

जुनी दुहेरी सायकल एकेरी करून पाहणाऱ्याने दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बोल्टांच्या वर्तुळाचे माप नव्या चेनरिंगशी जुळले पाहिजे, आणि मागचा डिरेल्युअर शक्यतो क्लच (चेन ताणून धरणारी यंत्रणा) असलेला असावा, कारण खडबडीत रस्त्यावर चेनची उसळी तोच आवरतो.