सिक्लिडच्या टँकमध्ये नवे मासे सोडण्याची अ‍ॅक्रिलिक पेटी: वापरानंतरचे मत

ज्यांनी आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातील म्बुना सिक्लिड, म्हणजे खडकांत राहणारे आणि आपल्या हद्दीसाठी भांडणारे मासे, पाळले आहेत, त्यांना नव्या माशाची पहिली रात्र कशी जाते हे सांगायला नको. खडकांमधली प्रत्येक कपार कुणाच्या तरी मालकीची असते आणि पाहुण्याला कुठेच थारा मिळत नाही. म्हणून टँकच्या आत काचेला चिकटवायची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक पेटी मी वापरून पाहिली. तिच्या भिंतींना बारीक फटी असल्यामुळे पाणी खेळते राहते, आतला मासा बाहेरच्यांना दिसतो, त्याचा वासही पोहोचतो. फक्त कुणाचे दात त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

माझ्या टँकवर एका ऑराटस (म्बुनांपैकी एक भांडकुदळ जात) नराची सत्ता आहे. पेटीत तीन पिवळे लॅबिडोक्रोमिस (म्बुनांपैकीच दुसरी जात) सोडताच त्याने अशा धडका दिल्या, की त्यांची टकटक शेजारच्या खोलीत ऐकू येत होती. चौथ्या दिवशी तो थंडावला. त्याहून मोलाचे म्हणजे नवे मासे दुसऱ्याच दिवशी निर्धास्तपणे खाऊ लागले होते. एरवी ते कोपऱ्यात दडून उपाशीच राहतात.

आठवड्याने त्यांना मोकळे केले, तेव्हा मात्र पेटीची मर्यादा कळली. त्या नराने एव्हाना पेटीखालची वाळू उकरून तिथे आपले ठाणे मांडले होते आणि मासे नेमके त्याच्याच अंगणात उतरले. एकाची शेपटी फाटली. तिघांना परत पेटीत घेतले, खडकांची सगळी मांडणी मोडून नव्याने रचली, पेटी दुसऱ्या बाजूला हलवली, जुन्या माशांना आधी पोटभर खायला घातले आणि दिवे मालवून तिघांना एकदमच सोडले. या वेळी पाठलाग झाला, पण जो तो स्वतःसाठी नवी कपार शोधण्यात गुंतल्याने कुणा एकावर सगळा रोख राहिला नाही.

पेटीचे रबरी सक्शन कप लवकर सैल होतात, तळाशी उरलेले खाद्य साचते आणि ते रोज नळीने ओढून काढावे लागते. वेष्टनावर ती ‘क्वारंटाइनसाठी उपयुक्त’ असल्याचे छापले आहे, ते साफ दिशाभूल करणारे आहे, कारण आतबाहेर पाणी एकच असताना रोगजंतूंना फटींचा अडसर होत नाही. त्यासाठी वेगळा टँकच हवा.

फाटलेली शेपटी भरून आली आहे, मात्र खाद्य टाकल्यावर तो मासा अजूनही सर्वांत शेवटी वर येतो.