सरकारी खरेदीत वाटा की थेट विक्रीला जागा?

निसर्गस्नेही शेतीमालासाठी सरकारकडे मागायचं काय, यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, शाळा-रुग्णालयांच्या खरेदीत वाटा राखून ठेवा. दुसरं म्हणतं, शेतकऱ्यांना थेट विक्रीसाठी हक्काची जागा द्या.

पहिल्या मागणीला भक्कम दाखला आहे. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शालेय आहाराच्या केंद्रीय निधीतला किमान ३० टक्के भाग कुटुंबशेतीच्या मालावर खर्च करण्याचं बंधन घातलं. मागणी वर्षभर ठरलेली, त्यामुळे पेरणीचं गणित आधीच बसतं. पण खरी मेख निविदेत असते. एकसारखा आकार, मोठं प्रमाण, अनामत रक्कम अशा अटी तशाच राहिल्या तर वाटा कागदावर शेतकऱ्याचा आणि माल व्यापाऱ्याचा. शिवाय बिल महिनोन्महिने अडकलं की लहान गटाचं कंबरडं मोडतं. म्हणून टक्केवारीइतकाच आग्रह मुदतीत पैसे मिळण्याचा धरायला हवा. तो सहसा कुणी धरत नाही!

थेट विक्रीत पैसे रोख. गिऱ्हाईक किडीने खाल्लेलं पान उलटून पाहतं, चार प्रश्न विचारतं आणि पुढच्या वेळी पुन्हा येतं. मात्र आठवड्याचा एक दिवस विक्रीत जातो, आणि उरलेला माल परत न्यावा लागतो.

नवख्या गटाने आधी जागाच मागावी, असं माझं मत. पाच-सहा गट एकत्र येऊन सलग पुरवठा जमू लागला, की मग खरेदीच्या वाट्यासाठी भांडावं.